कॉन्ट्रॅक्चरनंतर दुसरं इम्प्लांट निवडताना

ब्रेस्ट इम्प्लांट कडक झालं, सर्जनने तपासून ‘कॅप्सुलर कॉन्ट्रॅक्चर’ असं निदान केलं आणि दुसरं ऑपरेशन ठरलं, की पहिला प्रश्न मनात येतो तो एकच: आता कुठलं बसवायचं? गोल की थेंबासारखं, गुळगुळीत की खरबरीत, सिलिकॉन की सलाइन, ह्या कंपनीचं की त्या. प्रश्न रास्तच आहे, कारण पहिल्या वेळीही सगळी चर्चा ह्याच्याभोवती फिरलेली असते. पण फेरऑपरेशनात हा क्रम उलटा करावा लागतो. आधी कडकपणा कशामुळे आला ते शोधायचं, मग जुन्या आवरणाचं काय करायचं ते ठरवायचं, मग नवं इम्प्लांट कुठल्या थरात बसणार ते, आणि एवढं झाल्यावर इम्प्लांट. तिथवर पोचेपर्यंत बरेचसे पर्याय आपोआप गळून गेलेले असतात. नुसतं इम्प्लांट बदललं आणि बाकी सगळं होतं तसंच ठेवलं, तर त्रास परत येण्याची शक्यता चांगलीच मोठी राहते.

कडक होतं ते नेमकं काय?

शरीरात बाहेरची वस्तू बसवली, की शरीर तिच्याभोवती कोलॅजनचं आवरण तयार करतं. पेसमेकरभोवतीही ते तयार होतं. हेच आवरण म्हणजे कॅप्सूल. ते प्रत्येक इम्प्लांटभोवती असतंच, आणि पातळ, लवचीक असेल तोवर त्याचा पत्ताही लागत नाही. काही जणींमध्ये मात्र ते जाड होतं आणि आक्रसू लागतं. तेवढंच घनफळ कमीत कमी पृष्ठभागात मावायचं तर आकार गोल व्हावाच लागतो, म्हणून आक्रसणारं आवरण आतल्या इम्प्लांटला दाबून गोल करतं. स्तन वर सरकल्यासारखा दिसतो, हाताला टणक लागतो, पुढे दुखायला लागतो. ऑपरेशनमध्ये आवरण उघडून इम्प्लांट बाहेर काढलं, की ते बहुतेकदा पहिल्या दिवसाइतकंच मऊ निघतं. टणक झालेली असते ती भोवतीची पिशवी. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली, की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात, कारण खरा प्रश्न इम्प्लांटच्या आत नसून त्याच्या भोवती आहे.

अमेरिकन प्लास्टिक सर्जन जेम्स बेकर ह्यांच्या नावाने ह्याच्या चार पायऱ्या मोजतात. पहिलीत स्तन मऊ आणि नैसर्गिक असतो. दुसरीत हाताला थोडा घट्ट लागतो, पण दिसायला नेहमीसारखा. तिसरीत घट्टही लागतो आणि आकारही बिघडलेला दिसतो. चौथीत तो टणक आणि दुखरा असतो, आकार स्पष्टच बिघडलेला असतो. ऑपरेशनचा विचार होतो तो साधारणपणे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर. ही मोजणी डोळ्यांनी आणि हातांनी केलेली असल्यामुळे दोन सर्जन एकाच बाईला दोन वेगळ्या पायऱ्या देऊ शकतात. तुमची पायरी कोणती, ह्यापेक्षा तुम्हाला त्रास किती होतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

हे का होतं, ह्याचं एकच उत्तर नाही. सगळ्यात जास्त पुरावा आहे तो जीवाणूंच्या थराचा, म्हणजे बायोफिल्मचा. कातडीवर आणि दुधाच्या नळ्यांमध्ये कायम वस्ती करून असलेले स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे जीवाणू ऑपरेशनच्या वेळी इम्प्लांटला चिकटतात आणि चिकट थर करून त्याखाली राहतात. ताप येत नाही, पू होत नाही, पण आवरणात हलकी सूज धुमसत राहते आणि ते जाड होत जातं. ऑपरेशननंतर आत रक्त किंवा पाणी साचलेलं असणं, इम्प्लांट फुटून सिलिकॉन बाहेर आलेलं असणं, कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेलं असणं, इम्प्लांट स्नायूच्या वर असणं आणि छेद स्तनाग्राच्या कडेने घेतलेला असणं, ह्या सगळ्यांनी धोका वाढतो. शेवटच्या मुद्द्यामागचं कारण सरळ आहे: तिथून आत जाताना दुधाच्या नळ्या कापल्या जातात आणि त्यातले जीवाणू थेट कप्प्यात, म्हणजे इम्प्लांट बसवायला केलेल्या पोकळीत, उतरतात.

आधी जुनी कागदपत्रं काढा

पहिल्या ऑपरेशननंतर तुम्हाला एक छोटं कार्ड मिळालेलं असतं. त्यावर दोन्ही बाजूंचे स्टिकर असतात: कंपनी, मॉडेल, किती सीसी, पृष्ठभाग कसला, सीरियल नंबर. ते सापडत नसेल, तर जिथे ऑपरेशन झालं तिथून ऑपरेशन नोट मागवा. त्या नोटमध्ये इम्प्लांट स्नायूच्या वर बसवलं होतं की खाली आणि छेद कुठून घेतला होता, हे लिहिलेलं असतं. ही माहिती हातात नसताना ठरवलेलं फेरऑपरेशन म्हणजे अर्धाअधिक अंदाज. ती मिळवायला दोन आठवडे लागले, तरी थांबा असं मी आग्रहाने सांगेन.

त्याबरोबर सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेतात. सिलिकॉन इम्प्लांट बाहेरून काहीही न जाणवता आतल्या आत फुटू शकतं, आणि फुटलेलं असेल तर ऑपरेशनचा सगळा आराखडा बदलतो. वयानुसार मॅमोग्राफीची वेळ झाली असेल, तर तीही आधीच उरकलेली बरी.

एक परिस्थिती मात्र वेगळी काढून सांगायला हवी. अनेक वर्षं सगळं सुरळीत असताना एक बाजू अचानक सुजली, तर ते साधं कॉन्ट्रॅक्चर आहे असं धरून चालू नका. इम्प्लांटभोवती पाणी साचलं असेल, तर ऑपरेशनच्या आधी ते सुईने काढून त्याची पेशींची आणि सीडी-३० नावाची तपासणी करावी लागते. खरबरीत इम्प्लांटशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर, बहुतेकदा अशाच उशिरा आलेल्या सुजेतून ओळखला जातो. तो इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होतो, स्तनाच्या ऊतींमधला नेहमीचा कॅन्सर तो नव्हे. लवकर सापडला, तर इम्प्लांट आणि पूर्ण आवरण काढून बहुतेकींचा इलाज होतो. पण आधी माहीत असेल तर ऑपरेशनची आखणी वेगळी होते, म्हणून ही तपासणी मागाहून करून भागत नाही.

आवरण कापायचं की काढायचं

जुन्या काळी सर्जन दोन्ही हातांनी स्तन जोरात दाबून आतलं आवरण फाडत असत. त्यात इम्प्लांट फुटायचं, आत रक्तस्राव व्हायचा, आणि कडकपणा बहुधा परत यायचा. आज ही पद्धत मोडीत निघाली आहे. कुणी अजूनही सुचवली तर सरळ नाही म्हणा.

आज दोन मार्ग आहेत. आवरणाला आतून छेद देऊन ते सैल करायचं, किंवा ते काढून टाकायचं, काही भाग किंवा सगळंच. आवरण जाड असेल, त्यात कॅल्शियम साचलेलं असेल, इम्प्लांट फुटलेलं असेल किंवा जीवाणूंचा संशय असेल, तर काढण्याकडे कल असतो. पातळ आवरणाला फक्त छेद देणं पुरतं, आणि त्यात स्तनाची ऊती वाचते.

सगळं आवरण इम्प्लांटसकट एकसंध, न उघडता काढून द्या, अशी मागणी अलीकडे बऱ्याच जणी करतात. लिम्फोमाचं निदान झालेलं असेल, तर ती मागणी बरोबर आहे. साध्या कॉन्ट्रॅक्चरला त्याची गरज नसते. आवरणाची मागची भिंत बरगड्यांना आणि त्यांच्यामधल्या स्नायूंना चिकटलेली असते. ती खरवडून काढताना फुप्फुसाभोवतीच्या पडद्याला छिद्र पडू शकतं, रक्तस्राव वाढतो आणि समोरची कातडीही पातळ होते. सुट्या तुकड्यांनी पण पूर्ण काढलेलं आवरणही तेवढंच काम करतं. कुठला तुकडा सुरक्षितपणे निघतो आणि कुठला सोडून द्यायचा, हे टेबलवर आवरण प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळतं. तो निर्णय सर्जनच्या हातात राहू द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काढलेलं आवरण पॅथॉलॉजीकडे जायलाच हवं, एवढी मात्र अट घाला.

कप्पा कुठला?

फेरऑपरेशनाचं यश बऱ्याच अंशी इथे ठरतं. पहिलं इम्प्लांट स्नायूच्या वर, स्तनाच्या ग्रंथीखाली असेल, तर नवं इम्प्लांट छातीच्या मोठ्या स्नायूखाली नेतात. वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग ग्रंथीखाली अशी मांडणी करतात, तिला ड्युअल प्लेन म्हणतात. ह्यात दोन फायदे होतात. नव्या इम्प्लांटला जीवाणू नसलेली नवी जागा मिळते, आणि ग्रंथी व इम्प्लांट ह्यांच्यामध्ये स्नायूचा पडदा येतो. मॅमोग्राफीतही ग्रंथीचा भाग जास्त चांगला दिसतो.

पहिलं इम्प्लांट आधीच स्नायूखाली असेल तर? तरीही वाट आहे. जुन्या आवरणाची समोरची भिंत मागच्या भिंतीला शिवून जुना कप्पा बंद करतात, आणि त्या भिंतीच्या पुढे, पण स्नायूच्या मागेच, नवा कप्पा करतात. नाजूक काम आहे, प्रत्येक सर्जन ते नियमित करत नाही, म्हणून “तुम्ही हे करता का?” असं विचारायला संकोचू नका.

स्नायूखाली ठेवण्याची किंमतही आहे. छातीचा स्नायू आवळला की इम्प्लांट हलतं, वर-बाहेर ओढलं जातं. बैठी कामं करणाऱ्या बाईला ते कदाचित खुपणार नाही. वजनं उचलणारी, पोहणारी किंवा हातांनी जोराचं काम करणारी असेल, तर रोज जाणवेल. सर्जनला तुमचा दिवस कसा जातो हे सांगा. तो आपणहून विचारेलच असं नाही.

काही वेळा आणखी एक थर घालतात, एडीएम ह्या संक्षेपाने किंवा नुसतं ‘मॅट्रिक्स’ म्हणून ओळखला जाणारा. दान केलेल्या मानवी किंवा प्राण्यांच्या कातडीतून सगळ्या पेशी काढून उरलेला हा सांगाडा असतो. इम्प्लांटच्या खालच्या बाजूला तो शिवला, की तिथे आक्रसणारं आवरण सहजासहजी तयार होत नाही. वारंवार कॉन्ट्रॅक्चर होणाऱ्यांमध्ये त्याचा उपयोग होतो, हे सर्जनांच्या अनुभवात आणि अभ्यासांत दिसतं. पण तो महाग असतो, त्याने पाणी साचणं आणि संसर्ग वाढू शकतो, आणि सगळे मॅट्रिक्स सारखे नसतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२१ मध्ये इशारा दिला होता, की स्तन पुनर्रचनेत काही मॅट्रिक्समध्ये गुंतागुंत जास्त दिसली. पहिल्याच फेरऑपरेशनाला सरसकट तो घालावा, असं मला वाटत नाही. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा कॉन्ट्रॅक्चर झालं असेल, किंवा झाकायला ऊतीच उरली नसेल, तेव्हा त्याचं वजन वेगळं.

आता इम्प्लांट

पहिली गोष्ट: जुनं इम्प्लांट धडधाकट असलं, तरी तेच धुऊन परत बसवू नये. जीवाणूंचा थर त्याच्या पृष्ठभागावर असू शकतो आणि तो धुऊन जाईल ह्याचा भरवसा नसतो. नवंच हवं.

सगळ्यात जास्त गोंधळ असतो तो पृष्ठभागाचा, म्हणून त्यावर जरा थांबू. आंतरराष्ट्रीय मानकानुसार पृष्ठभागाचा खडबडीतपणा १० मायक्रॉनच्या आत असेल तर इम्प्लांट गुळगुळीत, १० ते ५० मायक्रॉन असेल तर बारीक खरबरीत, आणि ५० मायक्रॉनच्या वर असेल तर जाड खरबरीत मानलं जातं. खरबरीतपणाची कल्पना आली ती पॉलियुरेथेन फोमचं आवरण असलेल्या इम्प्लांटवरून. त्यांच्यात कॉन्ट्रॅक्चर फार कमी दिसायचं, कारण फोमच्या छिद्रांमध्ये शिरलेले कोलॅजनचे धागे एका दिशेने रांगेत उभे राहत नाहीत, त्यामुळे सगळे मिळून आक्रसूही शकत नाहीत. फोमचं विघटन होऊन त्यातून कॅन्सरचा संशय असलेलं रसायन शरीरात सुटण्याच्या भीतीमुळे हे इम्प्लांट १९९१ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं, पण इतर काही देशांत वापरात राहिलं. तोच परिणाम सिलिकॉनच्या कवचालाच खरबरीत करून मिळवायचा, असा पुढचा प्रयत्न होता.

मग लिम्फोमाचा संबंध समोर आला. एफडीएने २०११ मध्ये पहिल्यांदा त्याविषयी सांगितलं, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला वेगळा आजार म्हणून मान्यता दिली. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने जाड खरबरीत आणि पॉलियुरेथेनच्या इम्प्लांटवर बंदी घातली. जुलै २०१९ मध्ये एफडीएच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. तेव्हा एफडीएकडे जगभरातल्या ५७३ रुग्णांची नोंद होती, त्यातल्या ३३ जणी दगावल्या होत्या, आणि ४८१ जणींना निदानाच्या वेळी त्याच कंपनीची इम्प्लांट होती.

मग कॉन्ट्रॅक्चर टाळण्यासाठी खरबरीत घ्यावं, की लिम्फोमा टाळण्यासाठी गुळगुळीत? बहुतेक फेरऑपरेशनांत हा पेच वाटतो तेवढा कठीण नाही. खरबरीत पृष्ठभागाचा फायदा मुख्यतः इम्प्लांट स्नायूच्या वर असताना दिसतो. स्नायूखाली गेल्यावर गुळगुळीत आणि खरबरीत ह्यांच्यातला फरक कमी होतो. म्हणजे कप्पा बदलायचं आधीच ठरलं असेल, तर गुळगुळीत घेऊन आपण फारसं गमावत नाही, आणि एक गंभीर धोका मात्र बाजूला पडतो. म्हणूनच आज बरेच सर्जन फेरऑपरेशनात गोल, गुळगुळीत इम्प्लांट स्नायूखाली बसवतात. मीही माझ्या जवळच्या व्यक्तीला हेच सुचवेन. पॉलियुरेथेन मिळत असेल आणि सर्जनला त्याचा भरपूर अनुभव असेल, तर पुन्हा पुन्हा कॉन्ट्रॅक्चर होणाऱ्या एखादीसाठी त्याचा विचार होऊ शकतो. पण त्यासोबतही लिम्फोमाच्या नोंदी आहेत आणि ते काढायची वेळ आली तर काढणं अवघड असतं, हे आधी समजावून घ्या.

पूर्वी जाड खरबरीत इम्प्लांट असलेल्यांसाठी एक सूचना. आता गुळगुळीत बसवलं म्हणून जुना धोका पुसला जात नाही. अशा वेळी पूर्ण आवरण काढणं आणि ते तपासायला पाठवणं जास्त शहाणपणाचं ठरतं. त्रास काहीच नसताना मात्र केवळ भीतीपोटी खरबरीत इम्प्लांट काढायला एफडीए सांगत नाही.

आत काय भरलेलं, हा मुद्दा तुलनेने सोपा आहे. सलाइन इम्प्लांट फुटलं तर काही दिवसांत बाजू बसते आणि लगेच कळतं. पण अंगाने बारीक असलेल्या बाईत, आणि आवरण काढल्यावर ऊती आणखी पातळ झालेली असताना, त्याच्या लाटा कातडीवर उमटतात. सिलिकॉन जेल जास्त नैसर्गिक लागतं, लाटा कमी दिसतात, पण फुटल्याचं कळत नाही. घट्ट जेलचे प्रकार आकार चांगला धरून ठेवतात, हाताला मात्र थोडे कडक लागतात. ज्यांना कडकपणाचाच त्रास झाला, त्यांनी निवडण्याआधी नमुना हातात धरून दाबून पाहावा.

आकाराच्या बाबतीत थेंबासारखं इम्प्लांट कप्प्यात फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग सहसा खरबरीत ठेवतात. आवरण काढल्यावर कप्पा मोठा आणि सैल होतो, म्हणजे फिरण्याची शक्यता वाढते. फिरलं तर स्तन तिरका दिसतो आणि तिसरं ऑपरेशन ओढवतं. गोल इम्प्लांट फिरलं तरी फरक पडत नाही. फेरऑपरेशनात थेंबाच्या आकाराचा हट्ट धरू नये, असं वाटतं ते ह्याचमुळे.

किती सीसी, ह्यावर सगळ्यात जास्त बोला

कॉन्ट्रॅक्चर झालेला स्तन आक्रसून लहान आणि वर गेलेला दिसतो. त्यामुळे कित्येक जणींना वाटतं, की ह्या वेळी थोडं मोठं घ्यावं. ही इच्छा समजण्यासारखी आहे, आणि नेमकी इथेच सावधगिरी हवी. आवरण काढताना त्याच्यासोबत थोडी ऊतीही जाते. उरलेली कातडी आणि चरबी पहिल्या वेळेपेक्षा पातळ असते, वर्षानुवर्षं इम्प्लांटच्या दाबाखाली ती आधीच विरळ झालेली असते. सिलिकॉन जेलचं वजन ढोबळमानाने १ सीसीला १ ग्रॅम. म्हणजे ४०० सीसी म्हणजे जवळजवळ ४०० ग्रॅम, दिवसरात्र त्याच पातळ कातडीवर लटकलेले. मोठं इम्प्लांट ऊती आणखी ताणतं, खाली घसरतं, कडा जाणवू लागतात.

चांगला सर्जन सीसीपासून सुरुवात करत नाही. तो पट्टी घेऊन छातीची आणि स्तनाच्या पायाची रुंदी मोजतो. मग स्तनाच्या वरच्या भागात दोन बोटांच्या चिमटीत कातडी आणि चरबी धरून तिची जाडी कॅलिपरने मोजतो. ती दोन सेंटीमीटरपेक्षा कमी भरली, तर इम्प्लांट स्नायूच्या वर ठेवायचा पर्याय जवळजवळ संपतोच. त्यानंतर पायाच्या रुंदीत बसेल असं इम्प्लांट, त्याची पुढे येण्याची उंची, आणि ह्या दोन्हींतून निघणारे सीसी. सल्लामसलतीत ही मोजमापं झालीच नाहीत आणि थेट “साडेतीनशे घालू या” असं ऐकू आलं, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्या. पूर्वीएवढंच किंवा थोडं लहान इम्प्लांट बहुतेकींसाठी हिताचं असतं. सैल झालेली कातडी उचलून घेण्याची, म्हणजे लिफ्टची, गरज त्यामुळे पडू शकते, तीही चर्चा आधीच व्हावी.

एकाच बाजूला कॉन्ट्रॅक्चर असेल तर? दोन्ही बाजूंना सारखी नवी इम्प्लांट घातली, की जुळणी सोपी जाते. पण धडधाकट बाजूला हात लावणं म्हणजे तिलाही सगळे धोके नव्याने देणं. ती बाजू चांगली असेल, इम्प्लांट जुनं किंवा जाड खरबरीत नसेल, तर तिला तसंच राहू देणं हा पूर्ण सन्मानाचा पर्याय आहे. थोडी विषमता राहील, हे मान्य असायला हवं.

ऑपरेशनच्या टेबलवर

जीवाणू कमी करण्यासाठी ज्या गोष्टी करतात, त्या बारीक वाटल्या तरी मोलाच्या आहेत. छेद स्तनाच्या खालच्या घडीत घेतात. स्तनाग्रांवर पारदर्शक चिकटपट्टी लावून ती झाकतात. कप्पा पोव्हिडोन-आयोडिनसारख्या द्रावणाने धुतात. इम्प्लांटची पेटी अगदी शेवटच्या क्षणी उघडतात, त्याआधी सर्जन हातमोजे बदलतो, आणि इम्प्लांट कातडीला न टेकता एका निमुळत्या प्लास्टिकच्या पिशवीतून थेट आत सरकवतात. ह्यातलं तुम्ही काय काय करता, असं विचारलं तर चिडणारा सर्जन मला तरी नको.

औषधांबद्दल थोडक्यात. दम्यासाठीची झाफिरलुकास्ट आणि माँटेलुकास्ट ही औषधं काही सर्जन कॉन्ट्रॅक्चरसाठी देतात. ती त्यासाठी मान्यताप्राप्त नाहीत. पहिल्याने यकृताला इजा होऊ शकते, दुसऱ्यावर मानसिक दुष्परिणामांबद्दल एफडीएने २०२० मध्ये सगळ्यात कडक इशारा लावला आहे. चौथ्या पायरीचं कॉन्ट्रॅक्चर गोळ्यांनी उतरेल, ह्या आशेवर महिने घालवू नका.

रेडिएशन घेतलेल्या स्तनाचं गणित वेगळं आहे. तिथली कातडी कमी रक्तपुरवठ्याची आणि ताठ झालेली असते, आणि कितीही चांगलं इम्प्लांट घातलं तरी कॉन्ट्रॅक्चर परत येण्याचा धोका मोठा राहतो. तिथे पोटाची किंवा पाठीची स्वतःची ऊती आणून स्तन करणं हा जास्त टिकाऊ मार्ग असतो. ऑपरेशन मोठं, बरं व्हायला वेळ जास्त, पण परत परत इम्प्लांट बदलण्याच्या फेऱ्यातून सुटका होऊ शकते.

इम्प्लांटच न घालण्याचा पर्याय

हा पर्याय मला शेवटी दोन ओळींत उरकलेला आवडत नाही, कारण तो खरा पर्याय आहे. इम्प्लांट आणि आवरण काढायचं, गरज असेल तर लिफ्ट करायची, आणि हवी असेल तर स्वतःच्या पोटामांड्यांतली चरबी काढून स्तनात भरायची. भरलेल्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेतं, त्यामुळे दोन बैठका लागू शकतात, आणि इम्प्लांटएवढा आकार मिळत नाही. पण कॉन्ट्रॅक्चरचा प्रश्न मिटतो. काही जणी आधी काढून घेतात, काही महिने थांबतात, आणि मग नवं इम्प्लांट हवं की नको ते ठरवतात. जीवाणूंचा संसर्ग उघड दिसत असेल, तर हेच योग्य असतं.

ठरवताना एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. एका मोठ्या उत्पादकाच्या सिलिकॉन इम्प्लांटच्या १० वर्षांच्या अभ्यासात तिसऱ्या-चौथ्या पायरीचं कॉन्ट्रॅक्चर पहिल्या वेळच्या ऑपरेशननंतर सुमारे १९ टक्क्यांमध्ये, तर फेरऑपरेशननंतर सुमारे २९ टक्क्यांमध्ये दिसलं. म्हणजे सगळं नीट केलं तरी धोका शून्य होत नाही, आणि दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा जास्तच असतो. हे कुणी सांगत नसेल, तर तुम्ही विचारा.

सिलिकॉन बसवलं, तर एफडीएचा सल्ला असा: त्रास नसला तरी ऑपरेशननंतर पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय, आणि त्यापुढे दर दोन-तीन वर्षांनी. हा खर्चही आजच्या हिशोबात धरायला हवा.

आणि संमतिपत्रावर सही करण्याआधी एक गोष्ट सर्जनशी बोलून लेखी घ्या. आत उघडल्यावर संसर्ग दिसला, किंवा ऊती इतकी पातळ निघाली की ठरलेलं इम्प्लांट झाकलंच जाणार नाही, तर ते काय करणार? लहान आकाराचं घालणार, मॅट्रिक्स वापरणार, की आज काहीच न घालता बंद करणार? ह्या तिन्हीपैकी तुम्हाला काय चालेल आणि काय नाही, हे तुम्ही शुद्धीवर असतानाच ठरवायला हवं. लहान इम्प्लांटचा जादा जोड ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात हजर असेल ना, हेही आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्या.